सही करण्याआधी

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय 68. यजमान गेल्यापासून सिडकोतल्या घरात एकटी असते, मुलगा पुण्याला. भजनी मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात, रोज थोडा वेळ शांत बसा, मन स्थिर झालं की निर्णयही चांगले होतात. तब्येतीला फायदा होत असेल, हे पटतं. पण निर्णयाशी खरंच काही संबंध असतो का? मी डोळे मिटले की विचार कमी व्हायच्या ऐवजी वाढतातच. सध्या तर डोक्यात एकच घोळतंय : घर मुलाच्या नावावर करून मोकळं व्हावं का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, संबंध आहे. आणि घराची सही व्हायच्या आधी तुम्ही हे विचारलंत, याचा मला फार आनंद वाटतो.

वय वाढलं की माणूस हळवा आणि घाबरट होतो, असं आपण धरून चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांना अनेक वर्षांच्या अभ्यासात उलटंच दिसलं. सर्वसाधारणपणे वयाबरोबर रोजच्या भावना स्थिरावतात. घोटाळा होतो तो कुणीतरी त्या मुद्दाम ढवळल्यावर. त्यांचा सहभाग असलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही ज्येष्ठांना आधी राग आणला, काहींना उत्साहित केलं आणि मग फसव्या जाहिराती दाखवल्या. दोन्ही गटांत जाहिरातीतली वस्तू घ्यायची तयारी वाढली. म्हणजे रागाइतकाच आनंदाचा भरही घात करतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली फोन करणारे भामटे माणसाला तासन्‌तास फोनवरून हलू देत नाहीत ते यासाठीच : भीती ओसरली तर पैसे मिळणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत असतं. जादा व्याजाच्या आनंदात पतसंस्थेत टाकलेली आयुष्याची पुंजी अडकून पडलेले ज्येष्ठ तर आपल्या शहरानं डोळ्यांनी पाहिले आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. एवढी साधी चौकशी करायलाही मन क्षणभर थांबलेलं लागतं.

आता तुमच्या वाढणाऱ्या विचारांबद्दल. ते वाढत नाहीत हो, दिवसभर ते चालूच असतात, बसल्यावर पहिल्यांदा ऐकू येतात. मन रिकामं करायचा हट्ट सोडा. आपल्याकडे देवगिरीच्या किल्ल्यावरची गोष्ट सांगतात. जनार्दनस्वामींकडे राहून हिशेब लिहिणारे पैठणचे नाथमहाराज एका पैची चूक शोधत रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे ती सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. गुरूंनी ओळखलं, की हे चित्त परमार्थाला लावायच्या तयारीचं आहे. त्या रात्री नाथांचं मन काही रिकामं नव्हतं, एका ठिकाणी लागलेलं होतं. तुम्ही इतकी वर्षं वह्या तपासल्यात, असं लागलेलं मन तुमच्या ओळखीचं असणार.

कुठं लावायचं, हे ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर निरीक्षण मांडलं. 23 निरोगी माणसांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हटली, तसाच ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्रही म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. श्वास सावकाश सोडला की मेंदूतून हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू ठोके मंद करतो, असा हा मामला आहे. माझ्या मते हरिपाठ सावकाश, चरणाचरणाला श्वास पुरा सोडत म्हटला तर श्वासाची हीच चाल साधेल. पाणचक्कीच्या आवारात ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर नक्शबंदी परंपरेतले. त्या परंपरेत जिक्र, म्हणजे ईश्वराचं स्मरण, ओठ न हलवता मनातल्या मनात करतात. शांत बसण्याची परंपरा या शहराला नवी नाही. सकाळी दहा मिनिटं पुष्कळ झाली, खुर्चीत बसलात तरी चालेल. इगतपुरीला किंवा अन्यत्र विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करावंसं वाटलं तर जरूर करा, पण ते कष्टाचं असतं. आधी डॉक्टरांशी बोला. यजमान गेल्यापासून झोप उडालेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर त्यावर ध्यान हा उपाय समजू नका. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा.

गुडघे साथ देत असतील तर एकदा विद्यापीठामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत जाऊन या. सातव्या लेण्यात दाराशेजारी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार लहान प्रसंग कोरलेले आहेत : आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, मस्तवाल हत्ती आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक चौकटीतली माणसं भेदरून त्याच्याकडे वळलेली. तो मात्र आठही भयांच्या मधोमध ताठ, निवांत उभा, आणि आकारानं त्या सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कुणा पाथरवटानं स्थिर मन म्हणजे काय ते इतकं नेमकं दाखवलं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. भयं तिथून हटवलेली नाहीत. ती त्याच्यापुढे लहान झाली आहेत.

घराचंही असंच पाहा. सही करावीशी वाटते ती कशापोटी? मुलावरच्या मायेनं, की ‘नाही म्हटलं तर तो यायचाच बंद होईल’ या धास्तीनं? की एकटेपणाचा कंटाळा आला म्हणून? हे उत्तर वकील देणार नाही, ते सकाळच्या त्या दहा मिनिटांत हळूहळू वर येतं. येईपर्यंत थांबा. महिनाभर थांबल्यानं घर कुठं जात नाही.

कागदाचा फरकही समजून घ्या. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात स्पष्ट घाला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 प्रमाणे, ही अट असूनही सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. मुलावर अविश्वास दाखवणं होईल, असं मनात आणू नका. चांगल्या मुलाला या अटीचं काहीच वाटणार नाही.

माझं मत विचाराल तर आज मृत्युपत्र करा, घर स्वतःच्या नावावर राहू द्या. आणि स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. सहीआधी तिथं एकदा जाऊन याच.