तोटी पाणी वाढवते का?



आपल्या जामसांवलीच्या आसपास, सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात, संत्र्याच्या बागा आहेत. उन्हाळ्यात आंबिया बहाराची फळे झाडावर असतात आणि विहिरीचे पाणी मात्र खाली जाते. अशा वेळी नळीला बारीक तोटी लावली की धार लांब जाते. पाणी वाढले असे वाटते. खरेच वाढते का, ते आज आपण पाहू.

पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून दर सेकंदाला जेवढे पाणी तोटीत शिरते, तेवढेच बाहेर पडते. क्षेत्रफळ गुणिले वेग हा गुणाकार दोन्हीकडे सारखा राहतो.

समजा, नळीचा आतला व्यास 2 सेंमी, तोटीच्या तोंडाचा 1 सेंमी आणि नळीत वेग सेकंदाला 1 मीटर आहे. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ चौथाई. म्हणून बाहेर वेग 4 मीटर. पाणी मात्र दोन्हीकडे सेकंदाला सुमारे 0.31 लिटरच!

मग हा वेग आला कुठून? डॅनियल बर्नूली यांनी 1738 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर आहे. पाण्याचा वेग वाढतो तेव्हा दाब कमी होतो. वरच्या उदाहरणात घर्षण सोडले तरी सुमारे 77 सेंमी उंचीच्या पाण्याइतका दाब खर्च होतो. टाकीची उंची तीच असेल, तर हा खर्च भागवताना नळीतला प्रवाहच मंदावतो. म्हणजे तोटी लावल्यावर पाणी उलट कमी मिळते.

तोटीचा खरा उपयोग वेगासाठी. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रात 1915 पासून घाटावरचे पाणी सुमारे 500 मीटर खाली आणून तोटीतून चक्रावर सोडतात. घर्षण वगळले तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे 99 मीटर येतो.

झाडाला असा वेग नको; जोरदार धारेने मुळांवरची माती वाहून जाते. ठिबकमध्ये म्हणूनच उलटे करतात. अरुंद, वळणावळणाच्या वाटेत दाब जिरवून पाणी थेंबथेंब सोडतात.

घरी करून पाहा: एकच बादली आधी उघड्या नळीने, मग तोटी लावून भरा व घड्याळ लावा. पालकांनीही जरूर पाहावे. बादलीतले पाणी झाडाला घाला, वाया घालवू नका.