घरगुती इंटरनेट सेवा आणि ग्राहकाची तक्रार

भारतात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी ती मोजक्या लोकांची सोय होती. आज परीक्षेचा अर्ज, विजेचे देयक, बँकेचे व्यवहार, घरी बसून करावयाची नोकरी ही सर्व कामे तिच्यावर अवलंबून आहेत. सेवा चार दिवस बंद पडली, तर अर्जाची मुदत टळते आणि रोजगार बुडतो. सबब तक्रार कशी करावी हे प्रत्येक ग्राहकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अनेक ग्राहकांचे गाऱ्हाणे वेगाविषयी असते. पैसे १०० चे भरले, पण संगणकावर १२ च दिसतात, असे ते म्हणतात. येथे प्रथम माप पाहावे. सेवादाता वेग मेगाबिटमध्ये सांगतो. फाइल उतरविताना तो बहुधा मेगाबाइटमध्ये दाखविला जातो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजेच सेकंदास १०० मेगाबिट हा वेग १२.५ मेगाबाइट इतकाच होय.

माप बरोबर असूनही वेग कमी आढळल्यास दोष घरात आहे की घराबाहेर, हे ठरवावे. गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. संगणक राउटरला तारेने जोडून वेग मोजावा. तो पुरेसा भरल्यास दोष घरातील मांडणीत आहे. राउटर मध्यवर्ती जागी हलविल्यास फरक पडतो. तारेनेही वेग न मिळाल्यास वा फायबरच्या यंत्रावर ‘एलओएस’ हा तांबडा दिवा लागल्यास दोष बहुधा बाहेरील जोडणीत असतो. पावसाळ्यात झाडाची फांदी पडून खांबावरील तार तुटणे, हे त्याचे नेहमीचे कारण होय.

तक्रार करताना बहुतेक ग्राहक ओळखीच्या तंत्रज्ञास दूरध्वनी करतात. “उद्या माणूस येईल,” असे उत्तर मिळते. नोंद मात्र कोठेच राहत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार ब्रॉडबँड सेवा देणाऱ्या प्रमुख कंपन्यांना तक्रार केंद्र ठेवावे लागते आणि प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. निवारण न झाल्यास वा ते समाधानकारक नसल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत विनाशुल्क अपील करता येते. त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयाचा असतो. नियामक प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

एवढ्यावरही दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक न्यायव्यवस्थेपुढे चालू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करू शकतो. सेवेचा मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

मात्र या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न पुराव्याचा असतो. भरलेली देयके, मोजलेला वेग आणि तक्रार क्रमांक जपून ठेवणाऱ्या ग्राहकाचे म्हणणे सहजासहजी डावलता येत नाही.