मोदकाचा हिशोब

ज्या घरात मुलाला टाईप वन डायबेटिस आहे, त्या आईबाबांशी आज थोडं बोलायचंय. निदान झालं की घरात सगळ्यात आधी बंदी येते. भात नको, बटाटा नको, केळं तर नकोच. ही बंदी मायेपोटी असते, हे मला कळतं. पण तुमच्या लाडामुळे किंवा गोड खाल्ल्यामुळे हा आजार झालेला नाही. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या आहेत. स्वतःला दोष देणं आजच थांबवा.

इन्सुलिन सापडण्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून आयुष्य थोडं लांबवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं आणि ते दिवस मागे पडले. आज इन्सुलिन हाताशी असताना वाढत्या वयाच्या पोराचा भात तोडू नका. तो मोजा.

मोजायचं म्हणजे काय? स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. २५ ग्रॅम कणकेच्या फुलक्यात साधारण १७ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८च्या आसपास, २०० मिली दुधात १०. वरणातही असतात, ते बहुतेकजण विसरतात. ज्वारीची भाकरी ‘शुगरला चालते’ म्हणून तिचा हिशोबच कुणी धरत नाही. पण ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कार्ब आहेतच. गूळ आणि मध यांनाही साखरेसारखंच मोजायचं.

आता उकडीचे मोदक. २०० ग्रॅम तांदळाच्या पिठात सुमारे १६० ग्रॅम कार्ब, २०० ग्रॅम गुळात सुमारे १८०. ओल्या खोबऱ्याचे थोडेच. एकूण ३४० धरा, १५ मोदक झाले तर एकाला २३. डॉक्टरांनी १५ ग्रॅम कार्बला १ युनिट इन्सुलिन असं प्रमाण दिलं असेल, तर दोन मोदकांना ३ युनिट. हे फक्त उदाहरण आहे. तुमच्या मुलाचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, आणि ते सकाळी एक, रात्री दुसरं असू शकतं. ज्यांचे डोस ठरलेले आहेत, त्यांनी जेवणातले कार्बही ठरलेलेच ठेवायचे. मोदक हवा असेल तर भात तेवढा कमी. जेवणाआधी किती वेळ इन्सुलिन द्यायचं, हेही विचारून घ्या. तळलेल्या किंवा तूप ओतलेल्या पदार्थांनी शुगर उशिरा चढते, त्यामुळे बटाटेवड्यानंतर तासाभराने आकडा छान दिसला तरी निर्धास्त होऊ नका.

शुगर लो झाली, म्हणजे ७०च्या खाली गेली, तर मात्र हिशोब बाजूला ठेवा. मूल थरथरतं, घामेजतं, उगाच चिडतं. लगेच ग्लुकोज किंवा साखरपाणी द्या: मोठ्या मुलांना १५ ग्रॅम म्हणजे सुमारे तीन चमचे, लहानग्यांना कमी, डॉक्टर सांगतील तेवढं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यावेळी चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. वर्गातल्या बाईंनाही हे सगळं सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. मीटरवर २८० दिसले की ‘काय खाल्लंस?’ हे पहिलं वाक्य नको. ताप, परीक्षेचा ताण, वाढीचं वय, कशानेही शुगर चढते. दर वेळी उलटतपासणी झाली तर मूल खाणं लपवतं, आणि लपवून खाल्लेल्याचं इन्सुलिन राहून जातं. ‘बरं झालं तपासलंस, आता काय करू या?’ असं म्हणून पाहा.

हेच आजीलाही समजावून सांगा. नातवाचं तोंड उतरलेलं बघवत नाही म्हणून ती हळूच लाडू हातावर ठेवते. तिला रागावू नका. वजनकाटा दाखवा, तिच्या एका लाडवात किती कार्ब आहेत ते तिच्यासोबतच काढा, आणि एवढंच सांगा की दे, पण देण्याआधी आम्हाला एक फोन कर.