कालव्याच्या पाण्यावरील शेती : माती, पीक आणि पशुधन यांचा एकत्र सांभाळ

रायगड जिल्ह्यातील रोहे तालुक्यात, रोहे-अष्टमी शहराला लागून वरसे हे गाव आहे. हा परिसर कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील असून भात हेच येथील परंपरागत मुख्य पीक होय. पावसाळ्यात या भागात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि दिवाळीनंतर ओढे आटू लागतात आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. चार महिने पाण्याचा सुकाळ आणि आठ महिने टंचाई, ही कोकणातील शेतीची जुनी कहाणी आहे. कुंडलिकेच्या खोऱ्यात मात्र या कहाणीला एका वेगळ्या पाण्याने कलाटणी दिली.

हे पाणी मूळचे सह्याद्रीच्या पलीकडील. पुणे जिल्ह्यातील मुळा नदीवर मुळशी येथे टाटा कंपनीने धरण बांधले व ते पाणी बोगद्यावाटे कोकणात उतरवून भिरा येथे १९२७ साली वीजनिर्मिती सुरू केली. या धरणाखाली मुळशी पेट्यातील मावळ्यांची भातखाचरे बुडाली. त्या विरोधात १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. भिरा येथे वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते. पुढे कोलाडजवळ डोलवहाळ येथील बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांद्वारे शेतीकडे वळविण्यात आले. एका खोऱ्यातील भातशेती ज्या पाण्याखाली गेली, त्याच पाण्यावर दुसऱ्या खोऱ्यातील उन्हाळी भातशेती उभी राहिली. म्हणूनच या पाण्याचा हिशेब साध्या पावसाच्या पाण्याहून अधिक काटेकोरपणे ठेवणे क्रमप्राप्त ठरते.

पाणी शेताच्या बांधापर्यंत आले म्हणजे शेती सुधारली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात पाण्याबरोबर तीन नव्या जबाबदाऱ्या येतात. एकाच जमिनीतून वर्षात दोन पिके घेतल्याने तिची झीज दुप्पट होते. निचरा नसल्यास जमीन चिबड बनते. सततच्या ओलीमुळे किडींना व जनावरांच्या रोगांना बारमाही आसरा मिळतो. या तिन्ही गोष्टींचा बंदोबस्त एकमेकींशी निगडित असल्यामुळे माती, पीक व पशुधन यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

निचऱ्याचे महत्त्व

पाटाने पाणी देणे हे जसे काम आहे, तसेच जास्तीचे पाणी बाहेर काढणे हेही काम आहे. कालव्यातील गळती, फुटलेल्या चाऱ्या आणि खाचरातून खाचरात सोडलेले पाणी यांमुळे सखल शेतात पाणी साचून राहते. अशा जमिनीत मुळांना हवा मिळत नाही व दिलेले नत्रखत वाया जाते. यास्तव गावाच्या प्रत्येक चारीबरोबर निचऱ्याचा चरही असला पाहिजे आणि पावसाळ्यापूर्वी तो साफ झाला पाहिजे. खेकड्यांनी पोखरलेले बांध रोपलावणीपूर्वी लिंपून घेणे हाही पाणी वाचविण्याचा सोपा मार्ग होय.

भाताला पाणी हवे, परंतु सदैव गुडघाभर नको. रोपे रुजल्यानंतर अडीच ते पाच सेंटिमीटर पाणी पुरेसे असते. फुटवे येणे, पीक पोटरीत असणे, फुलोरा आणि दाणे भरणे या अवस्थांमध्ये पाण्याचा ताण पडू देऊ नये. वरखत देण्यापूर्वी खाचरातील पाणी कमी करावे आणि कापणीच्या सुमारे दहा दिवस आधी ते पूर्णपणे काढून टाकावे. असे केल्याने पीक एकसारखे पक्व होते, कापणी सुलभ होते व वाचलेले पाणी चारीच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्यास मिळू शकते.

रोह्याच्या खाली कुंडलिकेला खाडीचे रूप येते. खाडीलगतच्या जमिनींचा प्रश्न निराळा आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की खालील क्षार केशाकर्षणाने वर येतात व पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागतो. अशा ठिकाणी बाहेरील बांध व उघाडी यांची दुरुस्ती, पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे आणि क्षार सहन करणाऱ्या भातजातींची निवड हा क्रम पाळावा लागतो. ‘पनवेल-१’, ‘पनवेल-३’ यांसारख्या जाती याच हेतूने विकसित करण्यात आल्या आहेत.

जमिनीचे देणे जमिनीला

कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची प्रथा फार जुनी आहे. पालापाचोळा, गवत, फांद्या आणि शेण जमिनीवर पसरून जाळले जाते. त्यामुळे तणांचे बी मरते, रोपांना राख मिळते व रोपे जोमाने वाढतात, हा अनुभव खोटा नाही. परंतु शेण व पाला जळताना त्यांतील नत्र व सेंद्रिय द्रव्य धुरावाटे निघून जाते. एका पिकाच्या काळात ही हानी जमिनीने सोसली; दोन पिकांच्या काळात ती सोसवणार नाही. राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे तयार करणे हा त्यावरील उपाय आहे. एक हेक्टर लावणीसाठी साधारणतः दहा गुंठे रोपवाटिका पुरते.

भातशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेली चारसूत्री भातशेती याच विचाराची सुसंगत मांडणी आहे. पहिल्या सूत्रानुसार भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावी व भाताचा पेंढा पहिल्या नांगरणीच्या वेळी शेतात गाडावा; हेक्टरी सुमारे दोन टन पेंढा यासाठी सांगितला जातो. राखेतील सिलिका रोपांना कणखर बनविते. दुसऱ्या सूत्रानुसार गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला सुमारे तीस किलो या प्रमाणात लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात मिसळावा. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे असून त्यात पंधरा व पंचवीस सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर, दर चुडात दोन ते तीन रोपे लावावयाची असतात. चौथ्या सूत्रानुसार युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅम वजनाची ब्रिकेट लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. खत चिखलात खोल राहिल्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून जात नाही व पिकास हळूहळू मिळते. ज्या खाचरातून पाणी पुढच्या खाचरात वाहते, तेथे या सूत्राचा लाभ विशेष जाणवतो.

येथे एक अडचण उभी राहते. पेंढा जमिनीत गाडावा की गुरांना घालावा? ज्याच्या दावणीला बैल वा म्हैस आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न खराच आहे. त्याचे उत्तर असे की, पेंढा गुरांना द्यावा, परंतु शेण मात्र जमिनीला मिळालेच पाहिजे. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्यास पेंढ्याच्या रूपाने शेतातून गेलेले द्रव्य परत येत नाही. गोबरगॅस संयंत्रात शेण घातल्यास इंधनही मिळते आणि खतही हाती राहते. हे शक्य नसेल तेथे शेण, मूत्राने भिजलेली माती व गोठ्यातील उष्टावळ खड्ड्यात भरून झाकावी. तूस व गिरिपुष्पाचा पाला यांना मात्र जनावरांच्या चाऱ्यात फारसे स्थान नसल्यामुळे ते निर्धास्तपणे जमिनीकडे वळविता येतात.

खताची मात्रा अंदाजाने न देता माती तपासून द्यावी. नमुना घेताना बांध, शेणखताच्या ढिगाची जागा व झाडाची सावली टाळावी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा व त्याच्या कडेची माती काढावी. सर्व माती मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरील दोन भाग टाकावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत ही कृती करावी. २०१५ साली केंद्र शासनाने मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. पत्रिका हाती आल्यानंतर ती वाचून त्याप्रमाणे खत देणे हा तिचा खरा उपयोग होय.

उन्हाळी भात आणि वाल

कर्जत येथील भात संशोधन केंद्राची स्थापना १९१९ सालची. दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या संशोधनातून आलेल्या ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’, ‘कर्जत-१८४’ यांसारख्या जातींमुळे शेतकऱ्यांपुढे निवडीला वाव आहे. कालव्याच्या क्षेत्रात कमी दिवसांची जात निवडणे हिताचे असते. कारण पाणी मिळण्याचा काळ निश्चित असतो आणि पीक वळवाच्या पावसात सापडता कामा नये. उन्हाळी हंगामात थंडीमुळे रोपे सावकाश वाढतात, म्हणून पेरणी लांबवू नये.

बियाण्याची निवड घरच्या घरी करता येते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. तरंगणारे पोचट व रोगट बी काढून टाकावे. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन चोवीस तास सावलीत सुकवावे. एवढ्या अल्प खर्चात रोपवाटिकेचा पाया सुधारतो.

एका भातामागून दुसरा भात घेतल्यास खोडकिड्याला वर्षभर अन्न मिळते. कीड धसकटात दडून राहते. म्हणून कापणी जमिनीलगत करावी आणि नांगरट करून धसकटे गोळा करावीत. हे काम एकाने करून भागत नाही. सगळ्या शेतमळ्याने एकाच सुमारास केले तरच उपयोग होतो.

खरिपानंतर अंगच्या ओलीवर वाल घेणे ही रोहे, पेण व अलिबाग या तालुक्यांची परंपरा आहे. वालाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. परंतु वालाला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. शेजारच्या खाचरात उन्हाळी भातासाठी पाणी बांधले की पाझराने वालाचे शेत बाद होते आणि बांधाबांधावर भांडणे लागतात. यावर उपाय एकच. उन्हाळी भात कोणत्या गटात व वाल कोणत्या गटात, हे हंगामापूर्वीच शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे. उंचवट्याच्या, निचऱ्याच्या जमिनी वालासाठी राखाव्यात आणि दरवर्षी शक्य तेथे अदलाबदल करावी.

गोठ्याची निगा

कोकणात खरिपाची कापणी झाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची वहिवाट होती. शेत रिकामे असताना तीत काही वावगे नव्हते. दुसरे पीक उभे असताना मात्र तीच वहिवाट शेजाऱ्याच्या मुळावर येते. पुष्कळ गावांत दुबार पीक मागे पडण्याचे कारण पाण्याचा अभाव नसून मोकाट गुरे हे असते. गुरे बांधून सांभाळावयाची, तर त्यांना चारा हवा. यास्तव बांधावर संकरित नेपिअरसारखे गवत लावणे व पेंढ्याचा कस वाढविणे अगत्याचे आहे.

नुसत्या पेंढ्यात प्रथिने अत्यल्प असतात. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास ते साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, पेंढा दाबून हवाबंद झाकावा व एकवीस दिवसांनी उघडावा. घालण्यापूर्वी तो थोडा वेळ पसरून वास जाऊ द्यावा व सुरुवातीस थोड्या प्रमाणात द्यावा. सहा महिन्यांच्या आतील वासरांना तो देऊ नये. युरिया कोरडा वा पाण्यातून जनावराच्या पोटात गेल्यास विषबाधा होते, याची जाणीव घरातील प्रत्येकाला असावी.

पाणथळ भागातील जनावरांचा एक छुपा शत्रू म्हणजे यकृतकृमी. बाधित जनावराच्या शेणातून या कृमीची अंडी पाण्यात जातात, तेथे विशिष्ट जातीच्या लहान गोगलगाईंच्या शरीरात त्यांची वाढ होते आणि पुढे ती अवस्था पाण्याकाठच्या गवताला चिकटते. ते गवत खाल्ल्याने जनावर रोडावते, दूध घटते, हगवण लागते व जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. झिरपणाऱ्या चाऱ्या व साचलेली डबकी हेच गोगलगाईंचे माहेरघर असते. म्हणजे ज्या निचऱ्याने भात सुधारते, त्यानेच गोठाही सुरक्षित राहतो. चारीकाठी गुरे चारू नयेत, त्यांना डबक्याचे पाणी पाजू नये, शेण खड्ड्यात कुजवूनच शेतात न्यावे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, तर लाळ-खुरकूत रोगाची लस नेमून दिलेल्या वेळी टोचून घ्यावी.

गावाची जबाबदारी

रोह्यालगत धाटाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून परिसरातील तरुणांना शेतीबाहेरही रोजगार उपलब्ध झाला. मनुष्यबळ कमी आणि वेळ अपुरा, अशा स्थितीत एकट्या शेतकऱ्याने चारी, निचरा, कीड व मोकाट गुरे या चारही आघाड्या सांभाळणे कठीण आहे. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ अन्वये लाभधारकांना पाणीवापर संस्था स्थापन करता येते. पाण्याची पाळी ठरविणे, चारीची दुरुस्ती करणे व शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचविणे ही कामे अशा संस्थेमार्फत सुकर होतात. कालव्याची दुरुस्ती हे शासकीय यंत्रणेचे कर्तव्य होय. शेतचारी स्वच्छ ठेवणे मात्र गावाच्या हातात आहे.

ग्रामपंचायतीने हंगामाच्या प्रारंभी तीन ठराव करावेत: गुरे बांधण्याची तारीख, चारी व निचऱ्याचे चर साफ करण्याचा दिवस आणि भात व वाल यांचे गट. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मिठाच्या पाण्यातील बियाण्याची चाचणी, मातीचा नमुना घेण्याची कृती आणि चारीकाठच्या गोगलगाईंची पाहणी करवून घ्यावी. मुले जे शाळेत हाताने करतात, ते घरी सांगतात. कृषी व पशुसंवर्धन खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी आपापली भेट वेगवेगळी न ठेवता एकाच दिवशी, एकाच बांधावर ठेवल्यास शेतकऱ्याला माती, पीक व जनावर यांचा सल्ला एकत्र मिळेल.

मुळशीच्या खाचरांवरून आलेले पाणी कुंडलिकेच्या खोऱ्यात वाया जाणार नाही, याची हमी बंधारा देऊ शकत नाही. ती चारीच्या पहिल्या शेतकऱ्याने शेवटच्या शेतकऱ्याची आठवण ठेवण्यावर अवलंबून आहे.