मेमो गाडीचा, लायसन्स तुझं

भाचेबुवा, सोमवारपासून तू शेठच्या छोटा हत्ती टेम्पोवर बसणार. रिंगरोडच्या मार्केटातून ग्रे, म्हणजे कोरा कापडमाल, भरायचा, पांडेसऱ्याच्या मिलवर उतरवायचा, तयार माल परत आणायचा. गाडी कशी चालवायची ते तुला सांगायला नको. शहाद्याच्या रस्त्यावर ऊस भरलेली ट्रॉली ज्याने रिव्हर्स घेतली, त्याला लिंबायतचं रेल्वेखालचं गरनाळं काय अवघड? मला सांगायचंय ते लायसन्सबद्दल. सुरतेत गाडी जपणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत, लायसन्स जपणारे फार थोडे.

पहिली गोष्ट, मेमो, म्हणजे दंडाच्या पावत्या, दोन जातींचे असतात. चौकातला कॅमेरा फोटो काढतो तो नंबरप्लेटचा. त्यात तारीख असते, वेळ असते, चौकाचं नाव असतं, झेब्रा पट्ट्यावर चढलेलं पुढचं चाक असतं. तुझं तोंड बहुतेक वेळा नसतंच. तो मेमो गाडीमालकाच्या नावाने जातो. शेठ दोन शिव्या घालतो, पगारातून कापतो, विषय संपला असं तुला वाटतं. दुसरा मेमो रस्त्यावर थांबवून फाडला जातो. तिथे पोलीस लायसन्स मागतो, नंबर मशीनमध्ये घालतो. हा मेमो तुझ्या नावावर चढतो. लायसन्स नंदुरबारचं आहे म्हणून सुरतेत कुणाला कळणार नाही, हे डोक्यातून काढून टाक. सारथी या लायसन्सच्या सरकारी यंत्रणेत सगळ्या देशाचं दप्तर एक आहे.

गुन्ह्यांचेही दोन प्रकार धर. काही गुन्ह्यांत पैसे भरले की सुटका. काहींत पैसे भरूनही लायसन्स जातं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं आणि राँग साइड हे तिन्ही कायद्याने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतात. त्यात, वेगात, दारूत, आणि दुचाकीवर हेल्मेट नसलं तरीसुद्धा, पोलीस लायसन्स जमा करून आरटीओकडे पाठवू शकतो. आरटीओने ठरवलं तर पहिल्या वेळी तीन महिने बंद, दुसऱ्या वेळी सरळ रद्द. रद्द झालेल्याचं नाव जाहीर करायचीही कायद्यात सोय आहे. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर ऑगस्ट 2015 मध्येच सगळ्या राज्यांना लिहिलं होतं, की अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. त्या यादीत मालाच्या गाडीत माणसं बसवणंही आहे. म्हणून सांगतो, सहारा दरवाज्याला हमाल पार्सलांवर चढून बसतात आणि “चल ना भाई, मिलवर तर जायचंय” म्हणतात, तेव्हा त्यांना उतरव. रिक्षाचं भाडं शेठकडे माग. शेठ कुरकुरेल, पण देईल.

गुजरातमध्ये दंड कमी आहे, हे तुला लोक कौतुकाने सांगतील. खरं आहे. सप्टेंबर 2019 मध्ये रूपाणी सरकारने केंद्राचे दर खाली आणले. हेल्मेटचा हजाराचा पाचशे झाला. मोबाइलला पहिल्या वेळी पाचशे, दुसऱ्या वेळी हजार. पण सूट मिळाली ती फक्त पैशात. तीन महिन्यांचे दोन महिने काही कुणी केले नाहीत. धोकादायक ड्रायव्हिंगचा तोच गुन्हा तीन वर्षांच्या आत पुन्हा झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर दहा हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे कलम जसंच्या तसं उभं आहे. दिंडोलीहून मार्केटपर्यंत बाइकवर येशील तेव्हा हेल्मेट कोपराला अडकवून फिरू नकोस. बाइकवर गेलेलं लायसन्स हेच टेम्पोचंही लायसन्स आहे.

बाहेरच्या देशांत ही मोजदाद गुणांनी करतात. प्रत्येक गुन्ह्याला ठरावीक काळे गुण, मर्यादा भरली की गाडी बंद. दुबईत मर्यादा 24 ची आहे आणि एक लाल दिवा तोडला की 12 गुण. म्हणजे दोन सिग्नल आणि खेळ आटोपला. तुझे मित्र गल्फची स्वप्नं बघतात, त्यांना हा हिशेब सांगून ठेव. जर्मनीत 2014 पासून आठ गुणांची मर्यादा आहे. नोंद फ्लेन्सबुर्ग नावाच्या एका गावातल्या कचेरीत होते, आणि ठरावीक वर्षं गेली की जुने गुण पुसले जातात. हे पुसणं मला फार आवडतं. सुधारणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे. आपल्याकडे हैदराबादने ऑगस्ट 2017 मध्ये हे करून पाहिलं. 24 महिन्यांत 12 गुण झाले की लायसन्स वर्षभर निलंबित. ते फार टिकलं नाही. देशभर अशी पद्धत आणायची चर्चा अधूनमधून कानावर येते.

ही पद्धत गरीब-श्रीमंताला सारखी लागते, असं शिकलेले लोक म्हणतात. वराछाच्या हिरेवाल्याला पाचशे रुपये म्हणजे पानाचा खर्च, गुण मात्र त्याला आणि तुला सारखेच. मला ते अर्धंच पटतं. त्याचं लायसन्स गेलं तर तो ड्रायव्हर ठेवतो. तुझं गेलं तर तू काय ठेवशील? तरीही मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. रोज उठून तेच करणाऱ्याला नुसत्या पैशांनी आवरता येत नाही, हे उधना दरवाज्याला दहा मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. गोम एकच आहे. आपल्याकडे बहुतेक मेमो गाडीवर बसतात आणि गुण बसवायचे माणसावर. गाडी कोण चालवत होता हे सिद्ध झाल्याशिवाय गुण लावायचे कुणाला?

इथेच तुझी फसगत होऊ शकते, म्हणून नीट ऐक. एका गाडीवर सकाळी एक, दुपारी दुसरा, रात्री शेठचा मुलगा असं चालतं. उद्या विचारणा आली की ज्याच्यामागे कुणी नाही त्याचं नाव पुढे करतात. म्हणून शंभर पानी वही घे. तारीख, गाडीचा नंबर, किती वाजता चावी घेतली, किती वाजता दिली, सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर. रोज संध्याकाळी शेठच्या कारकुनाची, मेहताजीची, सही घे. पहिले काही दिवस तो हसेल, मग स्वतःच वही मागेल.

शेठ किंवा त्याचा मुलगा गोड बोलून म्हणेल, “माझा मेमो तुझ्या नावावर घे, पैसे मी भरतो.” घ्यायचा नाही. ही युक्ती सुरतेचीच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये क्रिस ह्यून नावाचा मंत्री होता. 2003 मध्ये त्याची गाडी जास्त वेगात पकडली गेली आणि गुण बायकोने स्वतःच्या नावावर घेतले. पुढे दोघांचं बिनसलं आणि तिच्यामुळेच ते बाहेर आलं. 2013 मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. मंत्रिपद आधीच गेलं होतं. नवराबायकोत जे टिकलं नाही ते शेठ-ड्रायव्हरमध्ये किती टिकेल?

नोटीस आलीच तर घाबरून एजंटाकडे पळू नकोस. तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय आरटीओला लायसन्स बंद करता येत नाही, आणि कारणं लेखी द्यावी लागतात. तारखेला स्वतः जा, वही ने, बोलताना हात जोडून रडगाणं लावू नकोस. त्या दिवशी गाडी माझ्याकडे नव्हती, ही नोंद, ही सही, एवढं बोल. साहेब वही उलटून बघतात आणि पहिल्या पानापासून बघतात, म्हणून एका रात्रीत एकाच पेनने भरलेली वही चालत नाही. आदेश विरोधात गेला तर त्याची प्रत माग. तीस दिवसांत अपील करता येतं.

आणि तीन महिने बंद म्हणजे बंद. “फक्त गल्लीतून मिलपर्यंत” असं करायचं नाही. बंद लायसन्सवर सापडलास तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे विमा. अपात्र ड्रायव्हरच्या हातून कुणाला लागलं तर विमा कंपनी हात वर करते, किंवा जखमीला पैसे देऊन मागाहून मालकाकडून वसूल करते, आणि मग मालक तुझ्याकडे बघतो. ते तीन महिने मार्केटात पार्सल मोजायचं काम धर. लायसन्स परत मिळायला उजळणीचा कोर्स करावा लागतो. तोही लगेच उरकून टाक, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

थकलेले मेमो साठवू नकोस. मुदतीत भरले नाहीत तर प्रकरण कोर्टात जातं आणि गाडी विकताना कागद अडतात. लोकअदालत लागली की तिथे निकाल लावून घे. पण भरताना वेबसाइटच्या नावाच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघ. “आरटीओ चलान” नावाची फाइल व्हॉट्सअॅपवर येते, ती उघडली की बँकेतले पैसे जातात. असे मेसेज मलाही येतात आणि माझ्या नावावर आता सायकलसुद्धा नाही.

राहिलं एक. तुझ्या लायसन्सला अजून घरचा जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे. तो फोन ताईकडे असतो आणि ती मेसेज उघडतच नाही. नोटीस तिकडे जाईल आणि तारीख तुझ्या नकळत निघून जाईल. नंबर ऑनलाइन बदलता येतो, आधार कार्ड घेऊन रविवारी माझ्याकडे ये. बदलूनच टाकू.