अवकाशाची सफर : पाहणे आणि पारखणे

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मात्र या वेधशाळेत डोळा लावून तारे दिसणार नाहीत. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील अतिसूक्ष्म फरक ती मोजेल. मग सामान्य माणसाला विश्वाची ओढ लागावी कशी?

संगणकावरील अवकाश-सफर हा एक उत्तम मार्ग आहे. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ पासून घुमटाखाली आकाश दाखवीत आले. आता ‘सेलेस्टिया’सारखी विनामूल्य संगणकप्रणाली आणि प्रोजेक्टर असला, की वर्गाची भिंतच तारांगण होते. विद्यार्थी क्षणात चंद्र ओलांडतो, शनीच्या कड्यांजवळून जातो. मागे पाहावे तो पृथ्वी एक ठिपका! ती कडी मुख्यतः बर्फाच्या तुकड्यांची आहेत हे ज्या मुलीला उमगले, तिला साडेसातीचे भय कोण घालणार?

परंतु भिंतीवरचे चित्रही पंचांगाइतकेच डोळे मिटून मानले जाऊ शकते. जवळच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ४ वर्षांहून अधिक काळ लागतो. पडद्यावर ते अंतर काही सेकंदांत सरते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या लहरी प्रथमच टिपल्या. त्या मीलनाची जगभर गाजलेली चित्रफीत आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून संगणकाने रचलेली होती. प्रत्यक्ष मोजला गेला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान फरक.

इतिहासाच्या अभ्यासात आपण साधन आणि अनुमान वेगळे ठेवतो. तीच शिस्त येथेही हवी. सफरीनंतर शिक्षकाने फळ्यावर तीन रकाने आखावेत : मोजलेले, गणिताने काढलेले, रंगवलेले. चंद्राचे अंतर पहिल्यात, कृष्णविवरांची चित्रफीत दुसऱ्यात, निर्वात पोकळीतून जाणाऱ्या यानाची घरघर तिसऱ्यात. ‘हे कशावरून?’ असे विद्यार्थ्याने विचारले, की पाठ सफल झाला असे समजावे.

संविधानाच्या कलम ५१ क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन व जिज्ञासा वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ‘कुणी सांगितले म्हणून’ मानण्याची जबर किंमत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती, की त्यांनी आपल्या गावी वर्षातून एक तरी संध्याकाळ अशा सफरीसाठी द्यावी, आणि शेवटी प्रोजेक्टर बंद करून मुलांना खऱ्या आकाशाखाली न्यावे.