जुना नकाशा काय सांगतो?

मुलांनो, भारतीय सर्वेक्षण विभागाचा एखादा जुना स्थलदर्शक नकाशा तुम्ही पाहिला आहे काय? हा विभाग १७६७ साली स्थापन झाला. त्याचे जुने नकाशे पुष्कळदा एका मैलास एक इंच या प्रमाणावर काढलेले असत. म्हणजे कागदावरील पेरभर अंतर चालावयास सुमारे वीस मिनिटे लागत!

पिंपळगाव रेणुकाईच्या परिसराचा १९४८ पूर्वीचा नकाशा समोर आला, तर प्रथम तुम्ही गोंधळून जाल. त्यावर जालना जिल्हा सापडणारच नाही. तो १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानात होता. लगतचा बुलढाणा जिल्हा मात्र वऱ्हाडात. म्हणून आज जी रेषा केवळ जिल्ह्याची हद्द आहे, ती तेथे दोन राज्यांची सीमा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. डोंगर हलला नाही, ओढा हलला नाही. परंतु पलीकडच्या गावी दिलेली लेक एका रात्रीत परराज्यातून आपल्या राज्यात आली.

नकाशातील रंगांनाही अर्थ असतो. पाणी निळे, शेते पिवळी, झाडी हिरवी, उंचीच्या रेषा तपकिरी. कोरडा पडणारा ओढा काळ्या रेषेने दाखवितात. जुन्या व नव्या नकाशांतील विहिरींच्या निळ्या खुणा मोजून पाहा. मात्र समासातील पाहणीचे वर्ष आधी वाचा. माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने छपाईचे वर्ष धरून सारा हिशेब मांडला. पाहणी त्यापूर्वीच झालेली होती!

नकाशा सर्वच सांगतो असेही नाही. पिंपळगाव रेणुकाई आज मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पण ज्वारी असो वा मिरची, नकाशावर शेत पिवळेच. गावाचे नशीब पालटविणारे पीक तेथे दिसावयाचे नाही.

याउलट पैठणचा जुना नकाशा पाहा. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर गावे, देवळे, गाडीवाटा. १९६५ मध्ये जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. नव्या नकाशावर तेथे नाथसागराचा विस्तीर्ण निळा रंग आहे. मराठवाड्याच्या शेतांना पाणी मिळाले. त्यासाठी अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांपैकी एखाद्या गावच्या आजोबांपुढे तो जुना कागद पसरला, तर ते चष्मा पुसून आधी आपली विहीर शोधतील.